भामाकाकीचे चिरे

टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही भाता सोडा, हात भरून आले असतील. गाणं झालं, आता गोष्ट.

पण गोष्टीआधी एक प्रश्न — आणि तो मी तुम्हालाच विचारणार! मंडळी, सेवा करावी की करू नये? करावी! वा! केवढ्या जोरात म्हणालात! आता दुसरं सांगा. ज्याची सेवा करायची, त्याला आधी विचारावं की नाही?

का हो? आता का गप्प? ते खांबाला टेकलेले आजोबा तर डोळेच मिटून बसले!

आता बघा, देवाला आपण कधी विचारलंय? ऐन थंडीत, पहाटे, गार पाण्यानं आंघोळ घालतो. घालतो ना? देव कुडकुडतो की नाही, कोण बघतंय! मी आपल्या दोन ओळी जोडल्यात, चाल लावायची राहिलीय, तशाच ऐका —

देव मागे पाणी, भक्त वाही तूप ।
तहानेला देव आणि भक्त म्हणे खूप ॥

भक्त म्हणतो, खूप दिलं बरं का देवा, आता आणखी मागू नकोस! बरं, देव चालवून घेतो, त्याला आपली सवय झालीय. पण माणसाचं काय? ज्याच्यावर सेवा येऊन पडते, त्या माणसाचं काय?

ऐका तर.

डोंबिवलीत श्रीनिवास खांबेटे नावाचे एक गृहस्थ राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. हल्लीच्या पोरांना कळणार नाही, पण त्या काळी टेलिफोन मिळायला माणसाचे केस पांढरे व्हायचे! आणि खांबेटे टेलिफोन खात्यात! म्हणजे काय? राजाच की हो! लग्नपत्रिका आधी गणपतीपुढे, मग खांबेट्यांच्या दारात! कुणी आंब्याची पेटी आणून द्यायचं. खांबेटे प्रामाणिक, पेटी परत पाठवायचे. पण पाठवण्याआधी ती जरा वेळ दाराबाहेर ठेवायचे — शेजाऱ्यांना दिसली पाहिजे ना!

आणि मग आले मोबाइल. आली निवृत्ती. राजाचं राज्य गेलं! पूर्वी ज्यांच्या घरी खांबेट्यांनी फोन दिले, त्यांतला एकही आता खांबेट्यांना फोन करेना. दिवसातून एकदा एक मुलगी फोन करायची, "सर, कर्ज हवंय का?" खांबेटे तिच्याशी पाव तास बोलायचे! "नको गं बाळ. तू जेवलीस का?" शेवटी तीसुद्धा करेनाशी झाली.

कुणाला तरी आपली गरज असावी, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं. वाईट आहे का हो हे? नाही. आपल्या सगळ्यांचं तेच आहे. पण गरज मिळेना! घरात मदत करायला गेले, तर बायकोच्या, कुमुदिनीबाईंच्या, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या वर्णानुक्रमे लावल्या. ओवा पहिला, हळद शेवटी! बाईंनी सवयीनं हात घातला आणि आमटीत ओवा पडला. त्या दिवसापासून खांबेट्यांना स्वयंपाकघरात बंदी.

अशात एक दिवस वर्तमानपत्रात जाहिरात आली. 'सेवासौरभ यात्रा कंपनी! वादळग्रस्त कोकणात सेवा-सहल! सकाळी ढिगारे उपसा, दुपारी उकडीचे मोदक, संध्याकाळी सूर्यास्त! प्रत्येक सेवकाला प्रशस्तिपत्रक!'

खांबेटे उडालेच! कुमुदिनीबाई म्हणाल्या, "पैसे भरून दगड उचलायला जाताय? समोर इमारतीचं काम चाललंय. तिथे फुकट उचलू देतील की!"

"अगं, तिथं त्याला मजुरी म्हणतात."

"आणि इथं?"

"इथं सेवा!"

बाईंनी कपाळावर हात मारला आणि दशम्या बांधून दिल्या.

गाडी निघाली. गाडीत चाळीसेक सेवक! एक भजनी मंडळाचा गट, कुणी निवृत्त बँकवाले, एक जोडपं तर लग्नाच्या वाढदिवसाला केकऐवजी सेवा करायला आलेलं. सगळ्यांना भगव्या टोप्या, त्यावर 'मी सेवक'. सगळ्यांना पिवळेधमक हातमोजे. आणि सगळ्यांचा म्होरक्या कंपनीचा प्रफुल्ल सर. चाळिशीचा माणूस, गळ्यात शिट्टी, आणि चेहरा नावाप्रमाणे! घाटात गाडी बंद पडली, तरी हसत म्हणाला, "मंडळी, किती सुंदर! इथूनच आपत्तीचा अनुभव सुरू!"

गाव होतं सुरंगवाडी. खाडीपलीकडचं, डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये चिमटीत धरल्यासारखं. ज्येष्ठात वादळ आलं आणि एका सकाळीत गाव बोडकं झालं! आंब्याची झाडं आडवी, पोफळी मधूनच मोडलेल्या. छपरं उडून खाडीत गेली. मंडळी, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, वादळानंतर पहिल्या दिवसांत जी माणसं धावून आली, रस्ते मोकळे केले, पाणी दिलं, ताडपत्र्या दिल्या — त्यांच्या पायावर डोकं ठेवावं! त्यांनी ना टोप्या घातल्या होत्या, ना फोटो काढले होते. पण आपली गोष्ट त्यांची नाही. आपली गोष्ट सहा महिन्यांनंतरची आहे!

गाडी पोचली. बायकांनी ओवाळलं. शिगवण सरपंचांनी हात जोडले. गरमागरम घावणे आले, नारळाचा रस आला. खांबेट्यांना वाटलं, केवढी ही मायेची माणसं! स्वतःचं सगळं गेलं आणि आपल्याला वाढतायत!

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी! "मंडळी, सेवेची वेळ झाली! हातमोजे घाला! सुंदर!"

देवळाशेजारच्या माळावर चिऱ्यांचा हा मोठा ढीग पडलेला. चिरे म्हणजे ते तांबडे, चौकोनी, जांभ्या दगडाचे ठोकळे. कोकणात घराच्या भिंती त्यांच्याच असतात. प्रफुल्ल सर म्हणाला, "वादळानं पाडलेल्या घराचा हा मलबा! तो उचलून शाळेच्या मागे न्यायचा!"

खांबेट्यांच्या अंगात काय शिरलं कोण जाणे! "हर हर महादेव!" चिरा उचलला, धावत नेला, धाडकन टाकला! परत आले, दुसरा! धाडकन! भजनी मंडळाच्या बायका दमून सावलीला बसल्या, बँकवाल्यांनी कमरेला पट्टा बांधला, पण खांबेटे थांबेनात. प्रफुल्ल सर त्या उडत्या भिरभिऱ्यातून, अहो तो ड्रोन का काय म्हणतात, त्यातून सगळ्यांचं चित्रण करत होता. खांबेटे आभाळाकडे बघून छाती काढायचे, आणि पुन्हा — धाडकन!

दुपारपर्यंत ढिगातला बराचसा भाग शाळेमागे गेला. टाळ्या झाल्या. मोदक झाले. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं 'विश्रांती', म्हणून सगळे घोरायला लागले. खांबेट्यांना झोप कुठली? कंबर गेली होती! कण्हत कण्हत ते बाहेर आले आणि स्वतःचा पराक्रम बघावा म्हणून शाळेमागे गेले. आपण सगळे जातो बरं का! देणगीची पाटी लावल्यावर ती वाचायला दुसऱ्या दिवशी कोण येतं? देणारा!

तर तिथं एक बाई बसलेली. साठीच्या घरातली, नऊवारी लुगडं, उन्हानं रापलेला चेहरा. एकेक चिरा फिरवून बघतेय, हातानं पुसतेय.

खांबेटे म्हणाले, "काय हो बाई, काय शोधताय?"

बाईनं वर बघितलं. "काय नाय दादा. आज किती फुटले त्ये बगते."

"काय फुटले?"

"चिरे. तुमी माणसा जरा आपटून ठेवताव."

खांबेट्यांच्या कानात ते सगळे धाडकन एकदम वाजले! तरी सावरून म्हणाले, "अहो बाई, मलबाच तो. फुटला तर काय बिघडलं?"

बाई हसली. रागावली नाही हो, हसली. "मलबा नाय दादा. माझा घर हाय तो."

मंडळी, खांबेटे मटकन खाली बसले. चिऱ्यावर बसले. मग लक्षात आलं की आपण बाईच्या घरावर बसलोय, म्हणून उठले. मग कंबर धरून जमिनीवर बसले.

बाईचं नाव सत्यभामा मांडवकर, गाव म्हणे भामाकाकी. वादळात फणसाचं झाड तिच्या घरावर पडलं. ती शेळ्यांना सोडायला मागच्या गोठ्यात गेली होती म्हणून वाचली. मग गावानं झाड तोडलं, चिरे वेचले, साफ केले आणि तिच्या जोत्यापाशी नीट रचून ठेवले. पाऊस सरला की घर उभं करायचं, असं ठरलं.

"मंग?" खांबेट्यांनी विचारलं. तेही आता तिच्यासारखं बोलायला लागले होते!

"मंग तुमच्या कंपनीची पयली गाडी आली. सगला गाव साफ. रस्ता साफ, देऊल साफ. आनि माणसा हातमोजे घालून उभी! सर बोलला, 'ढिगारा कुठाय? लोक एवढ्या लांबून आलेत!' सरपंचाला मेल्याहून मेल्यासारखा झाला. पाहुना दारात आला नि त्याला द्यायला काय नाय! मी म्हटला, घ्या माझे चिरे, पसरा थोडे. त्येंचा मन तरी राहील."

ऐकलंत? उपाशी पाहुण्याला पानात वाढतात ना, तसं त्या बाईनं सेवेला भुकेलेल्या माणसांना आपलं घर वाढलं!

"पयल्या गाडीनं जोत्यावरनं माळावर नेले. दुसरीनं माळावरनं शाळंमागं. तिसरी आली, तिला काय द्यायचा? शाळंमागनं परत माळावर! तवापास्ना ह्ये असाच चाललाय. गवंडी ठरवला की गाडी येते. आनि दर खेपेला थोडे फुटतात. पयला तीन खोल्यांचा घर निगाला असता. आता दोन निगतील." तिनं हातातला अर्धा चिरा बाजूला ठेवला. "शिमग्यापातुर न्हाणीघर उरंल!"

अहो, हसताय काय! म्हणजे हसा, तीही हसत होती! पण पावसाळा तिनं शेळ्यांच्या गोठ्यात काढला होता. शेळ्या एका बाजूला, ही एका बाजूला, मध्ये प्लॅस्टिक. आणि तिचं घर गावभर फिरत होतं! खांबेट्यांनी जन्मभर फोन एका घरातून दुसऱ्या घरात हलवले, पण घरच हलत असलेलं पहिल्यांदा बघत होते!

"पण तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"विचारला कोणी? विचारतात, 'काकी, वादळात काय वाटला?' विचारतात, 'काकी, हिकडं बगाल काय जरा?' रडा, असा नाय म्हणत कोणी. पन मी रडते काय बगायला थांबतात. तुमाला काय हवा, असा नाय विचारला."

खांबेट्यांनी टोपी काढली. मग हळूच म्हणाले, "मी विचारतो. काय हवंय तुम्हाला?"

"माझे चिरे," भामाकाकी म्हणाली. "जोत्यावर. बाकी काय नको." आणि लगेच घाबरून म्हणाली, "पन त्या सरांशी काय बोलू नका हां! बागा ग्येल्या आमच्या. आंबा परत धरायला किती वर्सा लागतील! गाडी येते म्हणून घराघरात चूल पेटते. माझ्यापायी गावाच्या पोटावर पाय नको."

आता करायचं काय? बोलावं तर गाव बुडतं, गप्प बसावं तर घर बुडतं! खांबेटे त्या दिवशी सूर्यास्ताला गेले नाहीत. पैसे भरलेला सूर्यास्त त्यांच्याशिवायच झाला! खाटेवर पडून विचार करत राहिले. आणि सकाळी, शिट्टी वाजायच्या आत, प्रफुल्ल सरापुढे उभे!

"सर, आज उरलेले चिरे न्यायचे ना? ते शाळेमागे न नेता त्या भामाकाकींच्या जोत्यावर नेले तर?"

प्रफुल्ल सराचं हसू पहिल्यांदा मावळलं. "काका! जोत्यावर? अहो, जोत्यावर ठेवले तर घर होईल!"

"मग?"

"मग काय मग! घर झालं तर पुढच्या गाडीनं सेवा कुठं करायची? सोमवारची गाडी भरलीय! नागपूरचे लोक आहेत काका, केवढ्या लांबून येतायत!"

घ्या! घर झालं तर सेवा कुठं करायची! असा पेच शास्त्रातसुद्धा सापडायचा नाही!

खांबेटे म्हणाले, "बरं." सरकारी नोकरीत एक कला माणूस शिकतो. वरिष्ठांना बरं म्हणायचं आणि करायचं ते करायचं. त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर चिरा ठेवला आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागले. मागं चाळीस माणसं! वाटेत पिंपळ. तिथून उजवीकडे शाळा, डावीकडे भामाकाकीचं जोतं. पिंपळापाशी खांबेटे आले आणि — वळले डावीकडे!

मागच्यानं पुढच्याची पाठ बघितली. वळला. त्याच्या मागची वळली. बँकवाले वळले, लग्नाचा वाढदिवस वळला, अख्खं भजनी मंडळ गात गात वळलं! एकानंसुद्धा विचारलं नाही, कुठं चाललोय! पुढचा वळला ना? झालं! आपण तरी दुसरं काय करतो?

आणि प्रफुल्ल सर? तो माळावर उभा, भिरभिरं आभाळात, डोळे हातातल्या पडद्यावर. "सुंदर! काय रांग आहे! सुंदर!" माळावरचा ढीग संपला आणि रांग शाळेमागच्या ढिगाला लागली. तेही चिरे डावीकडे! पडद्यावर ढीग दिसेना, तेव्हा त्यानं मान वर केली. तोवर माळ मोकळा, शाळेमागचं अंगण मोकळं, आणि जोत्यावर चिरे!

जी शिट्टी वाजली मंडळी! खाडीतले बगळे उडाले! "काका! काय केलंत हे! परत घ्या! सगळे परत घ्या!"

खांबेटे जोत्यावर चढून बसले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्या माणसाला असं वाटलं की आपण कुणीतरी आहोत! म्हणाले, "एक चिरा हलणार नाही! हे या बाईंचं घर आहे! गावकरी हो, घाबरू नका! मी आहे!"

आता टाळ्या व्हायला हव्यात, नाही? गावकऱ्यांनी खांद्यावर घ्यायला हवं! मंडळी, एक टाळी वाजली नाही. शिगवण सरपंच गर्दीतून पुढं आले. चेहरा लाल!

"तुम्ही आहात? किती वेळ आहात तुम्ही? संध्याकाळी गाडीत बसणार! उद्यापासून गाडी बंद झाली तर ह्या बायकांच्या घरात काय शिजवायचं, ते डोंबिवलीला बसून सांगणार आम्हाला?"

खांबेटे आधारासाठी भामाकाकीकडे बघायला लागले. आणि भामाकाकी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "दादा, मी सांगितला होता ना, बोलू नका म्हणून!"

"मी... मी बोललो कुठं? मी नुसते उचलले."

पण म्हणता म्हणता मान खाली गेली. कारण त्यांना कळलं! काय कळलं? काकीला विचारलं, पण काकीनं सांगितलेलं अर्धंच ऐकलं! 'माझे चिरे' एवढं ऐकलं, 'गावाच्या पोटावर पाय नको' हे कानामागे टाकलं. एका हौशी सेवकाच्या जागी दुसरा हौशी सेवक आला! मिसळणाच्या डब्यात वर्णानुक्रम लावणारा माणूस तोच! फक्त आता त्यानं वाट्यांऐवजी चिरे लावले होते.

ते जोत्यावरून खाली उतरले. कंबर धरून उतरले, त्यात काही थाट नव्हता. सरपंचांपुढे हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं. रागवा. पण रागवून झालं की मला एक सांगा. गावात खरंच काही काम नाही का? ढिगारे नकोत, फोटो नको. जे तुमचं अडलंय, ते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांतलीच एक म्हणाली, "बांध हाय की!"

"कसला बांध?"

सरपंच ओशाळून म्हणाले, "खाडीचा. वादळात फुटला. भरतीचं खारं पाणी सगळ्या भातशेतीत शिरतं. ह्या वर्षी दाणा नाही पिकला. आम्ही घालतोय जमेल तेवढा, पण माणूसबळ कमी पडतं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही? गाडीभर माणसं येत होती!"

"कसं सांगायचं?" सरपंच म्हणाले. "मांडीपर्यंत चिखल आहे. वास मारतो. पाहुण्यांना तिथं उतरवायचं? पांढरे कपडे घालून येतात हो लोक!"

बघा गंमत! पाहुणे विचारेनात, कारण ते देण्याच्या घाईत. गाव सांगेना, कारण ते पाहुणचाराच्या संकोचात. आणि दोघांच्या मध्ये एका बाईचं घर इकडून तिकडे!

प्रफुल्ल सर म्हणाला, "चिखल आपल्या माहितीपत्रकात नाही! आपली सेवा कोरडी आहे!" पाच-सहा जण म्हणाले, बरोबर आहे, आम्हाला कोरडी सेवाच हवी, आणि खोलीवर जाऊन बसले. मी त्यांना नावं ठेवत नाही. निदान ते खरं बोलले! पण बाकीचे निघाले. भजनी मंडळाच्या अध्यक्षबाईंनी पैठणी किनारीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला गं!"

आणि सगळ्यांच्या पुढं कोण? खांबेटे! अहो, आत्ताच शिकले ना? पण अंगात मुरलेलं असं लगेच जातं का? काठावर एक म्हातारा सांगतोय, "थांबा, तिथं पाय टाकू नका, तिथं —" हे म्हणाले, "हर हर महा —" आणि देव म्हणायच्या आत कमरेपर्यंत आत!

हलता येईना! जेवढे हलतील तेवढे खाली! काम राहिलं बाजूला. दोर आणा, फळी आणा! चार गडी ओढतायत, खांबेटे निघेनात. मग बायका आल्या. भामाकाकी सगळ्यांत पुढं! "सोडा अंग, दादा! मुलाबालासारखा अंग सोडा!" एक हिसका — आणि फटाक! खांबेटे बाहेर! चप्पल आत, टोपी आत, 'मी सेवक' कायमचं खाडीच्या पोटात! डोक्यापासून पायापर्यंत चिखलाचा एक गणपती काठावर बसलाय आणि टुकूटुकू बघतोय!

आधी भामाकाकी हसली. मग सरपंच हसले. मग अख्खं गाव काठावर पोट धरून बसलं! मंडळी, वादळानंतर ते गाव असं पहिल्यांदा हसलं! एक म्हातारी म्हणाली, "एवढी गाड्या भरून माणसा आली, पन ह्या बामनानं खरा काम क्येला बाय!"

त्या दिवशी खांबेट्यांनी एक टोपली माती टाकली नाही. त्यांना काठावर बसवलं होतं आणि 'हलू नका' असं बजावलं होतं! बाकीच्यांना गावानं शिकवलं. उभं कुठं राहायचं, मातीचे गोळे हातोहात कसे द्यायचे. संध्याकाळपर्यंत वीतभर बांध झाला. हो, वीतभर! फार नाही. पण तो दुसऱ्या दिवशी कुणी उचलून मागे नेणार नव्हतं!

आणि प्रफुल्ल सराच्या भिरभिऱ्यानं खांबेट्यांचं ते चिखलातून निघणं चित्रित केलं होतं. त्यानं ते सगळीकडे पाठवलं. कंपनीत फोनच फोन! काय म्हणून? "आम्हालासुद्धा चिखल हवा!" लगेच जाहिरात आली — 'अस्सल खाडीचा चिखल! मर्यादित जागा!' नागपूरचे आले, चिखलात उतरले, खूश होऊन गेले. गाड्या वाढल्या, चुली पेटत राहिल्या आणि बांध पुरा झाला. प्रफुल्ल सर आता म्हणतो, चिखलाची कल्पना त्याचीच. म्हणू दे! खारं पाणी थांबलं ना?

आणि चिऱ्यांना पुन्हा कुणी हात लावला नाही. गवंडी आला. दोन खोल्या निघाल्या, पुढं पडवी. वैशाखात वास्तुशांत. खांबेट्यांना बोलावणं आलं. ते आणि कुमुदिनीबाई गेले.

गेले ते पहाटेच! अस्तन्या वर केलेल्या. "पाणी भरू का? पाट मांडू का? नारळ सोलू?" इकडून तिकडे नुसती धावाधाव. कुणाच्या पायात येतायत, कुणाचा तांब्या लवंडतायत. भामाकाकी पडवीत आली आणि म्हणाली, "दादा, बसा."

"नाही, पण मी काहीतरी —"

"आज तुमी काय करायचा नाय. बसायचा. तुमाला येता काय बसायला?"

मंडळी, येत नव्हतं! खरंच येत नव्हतं! त्या माणसानं चिरे उचलले, चिखलात उडी घेतली, पण नुसतं बसणं जमेना. हात कुठं ठेवावेत कळेना. शेवटी भिंतीला पाठ टेकून बसले. काकीनं पान मांडलं. भात वाढला, त्यावर वरण, शेजारी वालाचं बिरडं. खांबेट्यांनी मान वर केली नाही. कुमुदिनीबाईंनी बघितलं, तर भातावर टपटप पाणी पडतंय.

का रडले? मी सांगतो. त्या दिवशी त्या घरात खांबेट्यांवाचून कुणाचंच काही अडलेलं नव्हतं. ना फोन हवा होता, ना हमाली. कुणालाही त्यांची गरज नव्हती — आणि तरी त्यांना बोलावलं होतं!

आता माझ्याकडे काय बघताय? स्वतःकडे बघा! त्या मधल्या रांगेतले साहेब, आईच्या पंच्याहत्तरीला केवढा हॉल घेतलात, पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळलंत! तिला विचारलंत का? तिच्या चष्म्याची काडी मोडलीय हो! दोऱ्यानं बांधून वापरतेय. आणि ताई, तुम्ही शेजारच्या आजारी बाईकडे रोज जाता, तासभर धीर देता. तिला झोपायचं असतं! तुम्ही उठायची वाट बघत असते ती!

आणि मी? आज तुम्ही मला एवढे हार घातलेत की मान वळेना. विचारलंत का, बुवा, काय हवंय? घसा बसलाय माझा! तांब्याभर कोमट पाणी कुणी दिलं असतं तर हेच आख्यान आणखी अर्धा तास रंगलं असतं! नको, नको, आता धावू नका सगळे! एकानं उठा, बाकीचे बसा. बघितलंत, पुन्हा तेच!

सेवा करा. जरूर करा, घरात करा, गावात करा, परमुलखात जाऊन करा. पण हात पुढं करण्याआधी तोंड उघडा आणि विचारा. आणि विचारलंत की लगेच पळू नका. तो माणूस संकोचानं आधी 'काही नको' म्हणेल, मग अर्धंच सांगेल. त्याचं पुरतं सांगून होईपर्यंत तिथं उभे राहा.

चला. पेटी घ्या, टाळ उचला. जो न विचारता आपल्याला सगळं देतो, त्या एकट्याला ते शोभतं. त्याच्या नावाचा गजर करू, आणि मग मुकाट्यानं घरी जाऊन ज्याला त्याला विचारू. म्हणा —